आधी वजन सांग

आमच्या आबांची चारशेसात होती. गुळाच्या हंगामात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून रवे भरायचे, आंबोली उतरून सावंतवाडी गाठायची, माल असला तर पुढे म्हापशापर्यंत. हंगाम सुरू व्हायच्या आधी गाडी एकदा उद्यमनगरात पाटेवाल्या मिस्त्रीकडे जायची. मी दहा-बारा वर्षांचा असेन, पाने पुढं करायला मला सोबत न्यायचे. मिस्त्री गाडीखाली वाकून बघायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "वजन किती घालणार?" आबा खऱ्यापेक्षा टनभर कमी सांगायचे. तो हसायचा. "खरं सांगा की आबा. मी काय आरटीओ न्हवं."

मग आबा खरं सांगायचे, आणि मिस्त्री त्या हिशोबानं स्प्रिंगचा पाटा वाढवायचा किंवा चक्क नको म्हणायचा. वाढवलेला पाटा जाताना भरल्या गाडीला तोलून धरतो, पण येताना रिकामी गाडी त्याच पाट्यावर आंबोलीच्या वळणात उड्या मारते. गाडी उंच झाली की आम्हा पोरांना भारी वाटायचं. मिस्त्रीला उंचीचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या लेखी पाटे वजनासाठी होते. उंची ही त्यासोबत येणारी गोष्ट, कधी हवी, कधी नको.

एवढी साधी शिकवण घरातून मिळालेली असताना मी मेलबर्नमध्ये वजनाआधी उंची बघायची चूक पैसे मोजून केली. म्हणून हा लेख.

गेली सतरा वर्षं मी इथं आहे. इंजिनिअर नाही, एका हॉस्पिटलात लिफ्ट आणि वातानुकूलन यांची देखभाल बघतो. सुट्टीत आम्ही डोंगरात जातो आणि त्यासाठी घरात एक जुनी मित्सुबिशी डेलिका आहे. १९९७ ची, जपानमध्ये वापरून झालेली, बोटीने आलेली. 'डिलिव्हरी कार' या दोन शब्दांतून जपान्यांनी हे नाव घडवलं, म्हणजे मुळात ही आबांच्या चारशेसातचीच जातभाई. दिसायला खोकं. बायको तिला खोकंच म्हणते. पण या खोक्याखाली पजेरोच्या घराण्यातलं सगळं सामान आहे: २.८ लिटरचं टर्बो डिझेल, चारही चाकांना ताकद देणारी आणि डांबरावरही फोर-व्हीलमध्ये चालू देणारी यंत्रणा, मागे दोन्ही चाकं जोडणारं सरळ हाउसिंग आणि कॉइल स्प्रिंग, पुढे दोन्ही चाकं सुटी आणि त्यांना टॉर्शन बार. इंजिन पुढच्या सीटांखाली. ऑइल बघायचं तर सीट उचलायची. सात माणसं बसतात, दोन झोपतात.

अशा गाडीला मोठे टायर घालायची हौस कुणालाही होते. मलाही झाली. एका गॅरेजने सांगितलं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, ३१ इंची बसवू, पुढचे टॉर्शन बार "थोडे पिळू", मागे स्प्रिंगखाली चकत्या टाकू, झालं. मी हो म्हणालो.

टॉर्शन बार म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेली पोलादी कांब. तिचं मागचं टोक जखडलेलं, पुढचं चाकाच्या आर्मला जोडलेलं. चाक वर गेलं की कांब पिळली जाते आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडीचं नाक वर येतं. नवा सुटा भाग लागत नाही, अर्ध्या तासात दोन इंच उंची मिळते, फुकटात. मात्र टाचा उचलून उभ्या असलेल्या माणसाखालची पायरी इंचभर खचली, तर पाय खाली पोचवायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं. पिळून उचललेल्या गाडीचं नेमकं हेच होतं. रस्त्यात खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा नसते. आर्म रबरी थांब्यावर आदळतो आणि अख्खी गाडी ठणकते. इकडच्या डोंगरातले मातीचे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे लाटालाटांचे होतात. त्यावर माझी पोरं मागच्या सीटवर दात वाजवत बसली होती.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. व्हिक्टोरियाच्या डोंगराळ भागात मॅन्सफिल्डच्या वर 'क्रेग्ज हट' नावाची लाकडी झोपडी आहे. १९८२ च्या एका सिनेमासाठी बांधली, २००६ च्या वणव्यात जळली, पुन्हा उभी केली. तिथून उतरताना उजव्या वळणात खालून कट-कट-कट असा आवाज यायला लागला. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस पिचकारीसारखं उडालेलं. पुढच्या चाकांना ताकद नेणारे दांडे सरळ रेषेत चालावेत अशी त्यांची मांडणी असते. नाक उचलल्याने ते तिरपे झाले, सांध्यावरची रबरी टोपी रोज ताणली गेली आणि शेवटी फाटली. आत माती गेली. मॅन्सफिल्डपर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीने आलो. बायको काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण दोष फक्त त्याचा नव्हता. त्याने मला वजन विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ज्याने गाडी नीट केली तो न्यूझीलंडहून आलेला साठीचा मेकॅनिक. तिकडे डेलिका आपल्याकडच्या ओम्नीसारख्या जागोजाग दिसतात, असं तो म्हणतो. फोनवर त्याचं पहिलं वाक्य असं: सहलीला निघता तशी भरून आणा, पाण्याच्या टाकीसकट, बायकोसकट. मला उद्यमनगर आठवलं. त्याने गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं, मग सगळी गाडी. पुढे १,१९० किलो, मागे १,३१०. रिकामी असताना हीच गाडी २,०९० भरली होती. चार माणसं, साठ लिटर पाणी, फ्रिज, दुसरी बॅटरी, छतावरचा तंबू मिळून चारशे दहा किलो, आणि त्यातलं बहुतेक मागे. म्हणजे गाडीचं बूड बसलं होतं, आणि आम्ही उचललं होतं नाक!

त्यानंतर त्याने कागदावर टायरचं गणित मांडलं. ते मी अजून खिशात ठेवतो. मूळ टायर २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ७८७. फरक ५४. व्हिक्टोरियात ऑफ-रोड वर्गातल्या फोर-व्हील गाडीला मूळपेक्षा ५० मिलिमीटरपर्यंत मोठा व्यास चालतो. त्यापुढे मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. चार मिलिमीटरसाठी मी बेकायदा फिरत होतो. ३० इंची घेतला तर ७६२, फरक २८-२९, नियमात. "आणि यातून तुला नेमकं काय मिळणार ते बघ," म्हणून त्याने कानावरची पेन्सिल काढली, ड्रॉवरमधून दुसरी घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. मागच्या हाउसिंगचा क्राऊनचा गोळा हा गाडीचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग. सस्पेन्शन कितीही उचला, तो गोळा जमिनीपासून केसभर वर येत नाही, कारण तो चाकांच्या मधोमध दांड्यावरच बसलाय. तो उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. चौदा मिलिमीटर. दोन पेन्सिली.

दोन पेन्सिलींसाठी माणूस काय काय मोजतो बघा. टायर मोठा म्हणजे जड, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने प्रत्येक दगडाचा दणका वाढतो. चाकाची त्रिज्या वाढली, पण ब्रेकची डिस्क तीच राहिली, त्यामुळे गाडी थांबायला पाय जास्त दाबावा लागतो. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणून चढावर गिअर उंच पडल्यासारखा होतो आणि इंजिन धापा टाकतं. स्पीडोमीटर फेरे मोजतो. ३० इंचीवर काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे चारने पळत असते. ३१ इंचीवर एकशे सातने. पोलिसाच्या कॅमेऱ्याला टायरचं माप ठाऊक नसतं.

तरीही आम्ही ३० इंची घेतला. दोन पेन्सिली कधीकधी पुरतात, आणि खरं सांगायचं तर दिसतोही छान. फरक इतकाच की या वेळी टायर शेवटी आला. आधी मागे आमच्या वजनाच्या हिशोबाचे, लांब आणि दणकट कॉइल. त्यांच्या लांबीला पुरतील असे लांब शॉकअप, नाहीतर स्प्रिंग सुटायच्या आत शॉकअपच ताणून संपतो. पुढे जाड टॉर्शन बार, म्हणजे कमी पिळूनही वजन पेलणारे. पुढचा गिअरचा डबा चकत्या घालून थोडा खाली घेतला, दांडे पुन्हा सरळ झाले. वरचे आर्म बदलले. मागच्या हाउसिंगला आडवं धरून ठेवणारा एक रॉड असतो. गाडी उचलली की तो हाउसिंगला एका बाजूला ओढतो आणि मागची चाकं पुढच्यांच्या रांगेत राहत नाहीत. तो लांबी जुळवता येणारा घातला. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण खाली लोंबलं तरी ताणले जात नाहीत ना, ते पाहिलं. एकूण उंची वाढली चाळीस मिलिमीटर. सगळा खर्च टायरच्या दुप्पट.

सर्वांत शेवटी त्याने जे केलं ते मला फार आवडलं. टायरच्या खांद्याला पांढरा खडू फासला. एक पुढचं चाक लोखंडी रॅम्पवर चढवलं, म्हणजे ते पूर्ण आत दबलं. स्टेअरिंग टोकापर्यंत उजवीकडे, मग डावीकडे. दुसऱ्या चाकाला तेच. मग बॅटरी घेऊन तो चाकाच्या कमानीत डोकं घालून पाच मिनिटं बसला. डावीकडे, पायरीच्या जरा वर, प्लास्टिकवर बोटभर पांढरी रेघ उमटली होती. तेवढंच प्लास्टिक त्याने कापलं, हातोडी कुठेच मारली नाही. टायर घासतो की नाही हे घाटात, वेगात, भरल्या गाडीनिशी कळण्यापेक्षा खडूने कळलेलं बरं.

एक गोष्ट मात्र त्याने फुकट शिकवली आणि ती या सगळ्याच्या वर आहे. मातीवर उतरलो की टायरमधली हवा काढायची, छत्तीसवरून बावीस-तेविसावर आणायची, वेग कमी ठेवायचा, डांबर लागलं की छोट्या कॉम्प्रेसरने परत भरायची. टायर पसरतो, दगड अंगावर घेतो, पकड वाढते. मला वाटतं, टायर बदलायला निघालेल्या दहातल्या सातजणांना खरं तर एवढंच हवं असतं.

आता कोल्हापूरकडे येतो. गेल्या डिसेंबरात घरी गेलो तर पुतण्याने दारात थार उभी केलेली. टायर मोठे, रुंद, कमानीच्या बाहेर आलेले. "काका, बघ की कशी दिसतीया." दिसत होती, यात वाद नाही. मी विचारलं, खाली काय केलंस? स्प्रिंगवर चकत्या. कुणी बसवल्या? हायवेवरच्या एका दुकानात, दोन तासांत. आरसीवर नोंद? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी ऑस्ट्रेलियाहून नव्हे, चंद्रावरून आलोय.

त्याचं चूक नाही. नोंद करायची सोयच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ मापापासून गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. या कडकपणामागचं कारण मला कळतं. उंचावलेली गाडी घाटात लवकर कलंडते, तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, धडक झाली तर तिचा बंपर लहान गाडीच्या काचेच्या उंचीला येतो. ज्या राज्यात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून, वर ऊस शिगोशीग भरून राजमार्गावर जातो, तिथे 'थोडी मोकळीक' म्हणताना सरकारची छाती दडपली तर नवल नाही.

पण बंदीने झालं काय? पुतण्याने चकत्या बसवल्या त्या दुकानात त्या दिवशी आणखी तीन गाड्या रांगेत होत्या. बंदी आहे म्हणून काम थांबलेलं नाही. कामातून इंजिनिअर तेवढा बाहेर गेला. काट्यावर गाडी कुणी चढवत नाही, खडू कुणी फासत नाही, दांड्यांचा कोन कुणी बघत नाही, कारण कागदावर ही गाडी कंपनीतून आली तशीच आहे. विमा कंपनीला कुणी सांगत नाही, आणि दावा करायची वेळ आली की तीच गोष्ट अंगावर येते. आबा मिस्त्रीला खरं वजन सांगायचे ते मिस्त्री आरटीओ नव्हता म्हणून. आज दुकानदाराला खरं विचारायचं कारणच उरलेलं नाही.

आणि वाट आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवणं हा तर केवढा मोठा बदल: मागे दाबाखालच्या वायूची टाकी! त्याला आपण वाट करून दिली. मंजूर किट, अधिकृत बसवणारा, आरटीओची तपासणी, आरसीवर नोंद. दिव्यांग चालकांसाठी गाडी बदलायलाही कायद्यात जागा आहे. मी ज्या लिफ्टवर पोट भरतो त्या लिफ्टलाही महाराष्ट्रात परवाना आणि निरीक्षक लागतो, आणि आत वजनाची पाटी. तीच रीत सस्पेन्शनला लावता येईल. ठरावीक गाड्यांसाठी तपासून मंजूर केलेले संच, पन्नास मिलिमीटरच्या आत. टायर मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलणारा नको, कमानीबाहेर नको. बसवणाऱ्याची सही, आरसीवर शिक्का, विम्याला कळवणं. त्यापलीकडे सरसकट मनाई, आणि ती मग खरोखर पाळायची. रस्त्यावरच्या पोलिसालाही सोपं: शिक्का आहे की नाही, एवढंच बघायचं.

हे मी हौशी लोकांच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. पुतण्याच्या थारला खरं तर काहीच नको होतं. ती आठवड्याला एकदा रंकाळ्यावर जाते. माझ्या डोळ्यांपुढे आहेत त्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चढणाऱ्या, मेळघाटात आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात जाणाऱ्या गाड्या. तिथल्या रुग्णवाहिकेत स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी, नातेवाईक असं वजन कायम चढलेलं असतं आणि रस्ता म्हणजे नाल्याचं पात्र. त्या वजनाला बेतलेले स्प्रिंग आणि शॉकअप हे तिथे चैनीचं सामान नव्हे. अवघडलेल्या बाईला त्या रस्त्याने आणताना गाडी ठणकते की तरंगते, याचा फरक तिला विचारा. माझी सूचना मानायची असेल तर परिवहन खात्याने सुरुवात तिथल्या गाड्यांपासून करावी. हौशी लोक रांगेत मागे उभे राहतील.

पुतण्याला घेऊन मी दुसऱ्या दिवशी आंबोलीला गेलो. पाचजण होतो, मागे सामान. घाटातल्या तिसऱ्या वळणाला डावीकडून खर्रर्र असा आवाज आला. तो म्हणाला, काही नाही काका, गाणं बारीक करतो. मी म्हणालो, गाणं बंद कर. गाडी कडेला घेतली. टायरच्या खांद्यावरचं रबर करवतीनं घासल्यासारखं सोललं होतं. परत येताना उद्यमनगरात वळलो. पाटेवाला मिस्त्री आता नाही, त्याचा मुलगा बसतो. त्याने चाकाच्या कमानीत हात घातला, बाहेर काढला, पँटला पुसला आणि विचारलं, "गाडीत वजन किती असतंय?"

चकत्या त्याच दिवशी निघाल्या. मोठे टायर पुतण्याने विकायला काढलेत, अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. मूळचे टायर माळ्यावर होते, ते परत बसले.